पंडिता रमाबाईंची साक्ष : शुद्धी आधी की सान्निध्य आधी?

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेली आपली आध्यात्मिक साक्ष हे आकाराने लहानसे पुस्तक आहे. आपल्या मंडळ्यांत ते वाचले जाते त्यापेक्षा सांगितले अधिक जाते, आणि सांगता सांगता त्याचा एक ठरीव साचा होऊन बसला आहे : संस्कृत विदुषी, अकाली वैधव्य, इंग्लंडचा प्रवास, बाप्तिस्मा, केडगावचे मुक्ती मिशन. या साच्यातून पुस्तकातील सर्वांत अडचणीचा भाग नेमका गळून पडतो. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला; परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्या स्वतः देतात. ख्रिस्त तारणारा म्हणून गवसला तो १८९१ च्या सुमारास. मधल्या आठ वर्षांचे काय करावे, हे आपल्या उपदेशकांना उमगत नाही, म्हणून ती वर्षे वगळली जातात. माझ्या मते साक्षीचा अर्थ त्या आठ वर्षांतच आहे.

हा केवळ चरित्राचा प्रश्न नव्हे. कापडधंद्याच्या निमित्ताने खानदेशातील पुष्कळ मराठी कुटुंबे सुरत व तिच्या आसपास स्थायिक झाली आहेत. तापीकाठच्या कामरेज येथे अशाच काही कुटुंबांच्या प्रार्थनासभेत मी रमाबाईंची ही साक्ष वर म्हटलेल्या साच्यातच सांगितली. सभा संपल्यावर एका बाईंनी विचारले, "पाळकसाहेब, माझा बाप्तिस्मा होऊन सहा वर्षं झाली. जिभेवर ताबा राहत नाही, सासूशी रोज भांडण होतं. मग मी सुटले की नाही?" मी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा आरंभ सांगून वेळ निभावून नेली. घरी आल्यावर मात्र रमाबाईंचे पुस्तक पुन्हा उघडावे लागले.

पुस्तकाच्या पूर्वार्धात आईवडिलांची कथा आहे. अनंतशास्त्री डोंगरे आणि त्यांची पत्नी यांनी तीर्थयात्रा, स्नाने, दाने, उपोषणे यांत होते नव्हते ते सर्व वेचले. १८७४ साली दुष्काळात दोघेही उपासमारीने गेले. पाप फेडून देवापाशी जावे, हा तो क्रम. येथे रमाबाईंच्या लेखणीत उपहास नाही, मातापित्यांविषयीचे दुःख आहे. ज्या उपदेशकांना हा भाग परधर्माच्या निंदेसाठी वापरण्याचा मोह होतो, त्यांनी तो पुन्हा वाचावा. कारण बाप्तिस्म्यानंतरही आपण त्याच क्रमाने चालत होतो, असेच बाई पुढे सुचवितात. फेडण्याची साधने बदलली होती, एवढेच. त्यांचे डोळे उघडण्यास कारण झाले ते विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त. हे गृहस्थ स्वतःच्याच उपासना-मंदिरात, स्वतःच्याच व्यासपीठावर, उपदेश करीत असता पालटले. विदुषी रमाबाईंना वाट दाखविणारा मनुष्य आधी अनेक वर्षे ख्रिस्तावाचून पाळकपण करीत होता, ही गोष्ट आम्हां पाळकांना फारशी सुखाची नाही. कदाचित म्हणूनच ती आमच्या उपदेशांत येत नाही.

येशूच्या निकट जाणे हे पापमुक्तीचे पारितोषिक नसून तिचे कारण आहे, असा या साक्षीचा आशय मी समजतो. पवित्र शास्त्रात हाच क्रम आहे. याकोब आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाजवळ येण्यास आधी सांगतो, हात स्वच्छ करण्यास नंतर. जक्कयाच्या घरी प्रभू आधी उतरला, चौपट परतफेडीची भाषा मागाहून आली. लूकच्या पाचव्या अध्यायात पेत्र आपले पाप पाहून प्रभूला दूर जावयास विनवितो. प्रभू जात नाही, एवढेच त्या प्रसंगाचे उत्तर आहे. प्रभू जवळ येईपर्यंत पेत्राला आपण पापी असल्याची आठवणही झाली नव्हती, हे लक्षात घ्यावे.

एका बाबतीत मात्र रमाबाईंशी माझा मतभेद आहे. नव्या प्रकाशाच्या आनंदात त्यांनी मागील आठ वर्षांना फारच रिकामे ठरविले. त्यांचेच पुस्तक त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. लंडनमधील फुलहॅम येथे पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची भगिनींकडून होणारी सेवा त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच पाहिली, आणि या प्रेमाचे मूळ कोणते असे विचारता योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. ज्याने त्या विहिरीपाशी त्यांना थांबविले तो त्या वेळी दूर होता काय? ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदनही याच 'रिकाम्या' वर्षांतले. सान्निध्य होते, त्याची ओळख पटली नव्हती. साक्ष सांगणाऱ्याला आधीचा काळोख गडद करावासा वाटतो, आणि ऐकणाऱ्याला आपल्या आयुष्यात तशी तारीख सापडत नाही म्हणून तो निराश होतो. १९०५ च्या मुक्ती येथील जागृतीचे वर्णन करतानाही आपण अश्रू आणि आक्रोश यांवरच थांबतो.

आपल्या शब्दांचाही यात दोष आहे. 'तारण' हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण बाजारात त्याचा अर्थ कर्जापोटी ठेवलेली वस्तू असा आहे. 'सोने तारण कर्ज' ही पाटी श्रोत्यांनी पाहिलेली असते. गुजरातीतही बायबलचा शब्द तोच आणि पेढीचाही तोच. मग हप्ता चुकला की तारण बुडाले, असे कोणास वाटल्यास नवल काय? मराठी बायबलच्या भाषांतरात एकेका शब्दाची पारख करणाऱ्या रमाबाईंनी केडगावच्या कार्यास 'मुक्ती' हे नाव दिले. त्या शब्दात देवघेवीचा हिशेब नाही.

ज्या उपदेशकांना रमाबाईंची साक्ष सांगावयाची आहे, त्यांनी तिच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवावी. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. त्यांनी पतीची ख्रिस्तभक्ती जितक्या मोकळेपणाने लिहिली, तितक्याच मोकळेपणाने त्यांचा शीघ्रकोपही. देवाच्या जवळचा मनुष्य घरात कसा दिसतो, हे साक्षीच्या पुस्तकांतून कळत नाही. ते पत्नीलाच ठाऊक असते. योहानाचे पहिले पत्रही प्रकाशात चालणाऱ्यांना पाप उरत नाही असे म्हणत नाही. प्रकाशात असतानाच शुद्ध होणे चालू असते, असे म्हणते.

पुढच्या सभेत मी कामरेजला साक्ष न सांगता योहानाचा चौथा अध्यायच वाचला, आणि मागच्या वेळचे माझे उत्तर अपुरे होते हेही सांगितले. त्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती बाई घागर तिथंच टाकून गावात गेली. ती नंतर घ्यायला आली का?" शास्त्रात तसे लिहिलेले नाही, असे मी म्हणालो. "आली असणार," त्या म्हणाल्या, "घरी पाणी तर लागतंच. पण तोवर तो तिथंच बसला होता ना?" होता; शोमरोन्यांच्या विनंतीवरून प्रभू त्या गावी दोन दिवस राहिला, हे मी त्यांना चाळिसाव्या वचनातून दाखविले.