एक्सएसएलटी : फाइली वेगळ्या, पण सीमा कुठे?

एकच पाठ पुस्तकात छापायचा, संगणकाच्या पडद्यावर दाखवायचा आणि त्याची अनुक्रमणिकाही काढायची, तर तो तीनदा लिहावा लागू नये. यासाठी मजकुरात 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद' अशा खुणा घालण्याची एक पद्धत म्हणजे एक्सएमएल. खुणा केलेल्या मजकुराला हवे ते रूप देणारी भाषा म्हणजे एक्सएसएलटी. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रसिद्ध केली. 'परिच्छेद आला तर असे कर' अशा सुट्या नियमांनी आज्ञावली लिहायची, ही तिची रचना सुबक आहे. पण नियम शेकड्यांनी वाढले की त्यांची व्यवस्था ती कशी लावते? भाषेची खरी परीक्षा तिथे होते.

पहिल्या आवृत्तीत त्यासाठी दोन सोयी होत्या. 'इन्क्लूड' केलेल्या फाइलीतील नियम आपल्याच फाइलीत लिहिल्यासारखे धरले जातात. 'इम्पोर्ट' केलेल्या नियमांना मात्र दुय्यम स्थान मिळते. एकाच गोष्टीसाठी दोन्हीकडे नियम असेल, तर आपला चालतो. तांत्रिक पुस्तकांसाठी असलेल्या डॉकबुक या पद्धतीचा प्रचंड नियमसंग्रह लोक याच बळावर वापरत आले. मूळ संग्रहाला हात लावायचा नाही. आपल्या छोट्या फाइलीत तो इम्पोर्ट करायचा आणि न पटणारे चार नियम बदलायचे. ही सोय खरोखर मोलाची आहे.

दोष असा, की या व्यवस्थेत खासगी असे काहीच नाही. संग्रहातला कोणताही नियम कोणीही बदलू शकतो, आणि कोणी काय बदलले आहे हे मूळ लेखकाला कळत नाही. शाळेच्या वेळापत्रकावर वर्गशिक्षकांनी 'क्रीडा तासाऐवजी चित्रकला' अशी चिठ्ठी डकवली, आणि पुढच्या वर्षी कार्यालयाने 'क्रीडा' हे नाव बदलून 'शारीरिक शिक्षण' केले, तर चिठ्ठी जागेवर राहील, पण तिचा उपयोग संपेल. इथेही तेच होते. मूळ लेखकाने एखाद्या नावाने बोलावल्या जाणाऱ्या साच्याचे नाव बदलले, की त्याऐवजी आपण लिहिलेला साचा कोणी बोलावतच नाही. आज्ञावली मात्र विनातक्रार चालते, आणि चूक छापील पानावर दिसते.

मायकेल के यांनी संपादित केलेल्या, जून २०१७ च्या ३.० आवृत्तीने यावर 'पॅकेज' हा उपाय दिला. पॅकेजचा लेखक प्रत्येक साच्यावर सार्वजनिक, खासगी किंवा अंतिम असा शिक्का मारतो. जो सार्वजनिक, तोच बदलता येतो. ज्या नावाचा साचा पॅकेजमध्ये नाही, तो बदलू पाहिल्यास आज्ञावली चालण्यापूर्वीच चूक दाखवली जाते. निरुपयोगी चिठ्ठी आता डकवताच येत नाही.

उपाय योग्य आहे, पण तो अठरा वर्षे उशिरा आला. शिवाय नाव न दिलेला मूळ नियमसमूह या आवृत्तीत नेहमी खासगीच असतो. जुन्या संग्रहांचे बहुतेक नियम याच समूहात असल्यामुळे त्यांना नुसते पॅकेजचे वेष्टन चढवून भागत नाही. नियमांना नावाचा समूह देऊन फेररचना करावी लागते. सर्वत्र आढळणारी लिबएक्सएसएलटी ही प्रणाली तर १.० च्या नियमांवरच उभी आहे. म्हणून इम्पोर्टवर बांधलेल्या संग्रहांचे दिवस इतक्यात संपणार नाहीत.

अशा संग्रहावर काम करणाऱ्यांनी भाषेची वाट न पाहता एक शिस्त पाळावी. कोणते साचे इतरांनी बदलले तरी चालतील, याची यादी लेखकाने संग्रहाच्या सुरुवातीलाच द्यावी आणि त्यांची नावे पुढे बदलू नयेत. विद्यार्थ्यांना मोठी आज्ञावली विभागायला शिकवताना, किती फाइली केल्या यापेक्षा ही यादी केली का, हे आधी पाहावे.