रेम्ब्रांटच्या ‘तीन वृक्षां’तील सरळ रेषा

रेम्ब्रांटच्या निसर्गविषयक एचिंगांत ‘तीन वृक्ष’ (१६४३) हे आकाराने सर्वांत मोठे. तरीही ते सुमारे २१ सें.मी. उंच आणि २८ सें.मी. रुंदच आहे. त्याची कीर्ती वादळी आकाशावर आणि छायाप्रकाशाच्या नाट्यावर उभी आहे. काहींना तीन वृक्षांत ख्रिस्ताच्या वधस्थानावरील तीन क्रूस दिसतात. असा अर्थ लावणे अशक्य नाही. परंतु त्या घाईत रेषेकडे पाहावयाचे राहून जाते.

चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तिरप्या, जणू पट्टी धरून ओढलेल्या सरळ रेषांचा जुडगा आहे. तो पावसाचा. इतरत्र रेषा किती मोकळी आहे! ढगांत ती वळसे घेते, पर्णसंभारात तुटक होते, दूरच्या सपाट कुरणांत तर केवळ पुसट आडव्या ओरखड्यांइतकी उरते. ह्या साऱ्यांच्या शेजारी पावसाच्या रेषा रुक्ष वाटतात, आणि रसिकाला त्या खटकल्या तर नवल नाही. तथापि तो दोष मानणे योग्य होणार नाही. पाऊस असा दिसत नाही, हे रेम्ब्रांटला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ‘पाऊस’ ह्या शब्दाचेही पावसाशी काही साम्य नसते. येथे रेषेने अनुकरण सोडून संकेताचे काम पत्करले आहे.

शिवाय रचनेलाही तिची गरज आहे. क्षितिज खाली ठेवलेले. उजवीकडे उंचवट्यावर वृक्षांचा गडद, उभा भार. डावीकडे मात्र सपाट प्रदेश आणि दूरवर सामान्यतः ॲमस्टरडॅम मानले जाणारे शहर. हा सारा तोल उजवीकडे कलंडावयाचा, तो वरच्या डाव्या कोपऱ्यातील ह्या कठोर तिरप्या रेषांनी सावरला आहे. ह्या दोहोंमध्ये कागदाचा जो पांढरा भाग जवळजवळ कोरा सोडला आहे तोच चित्रातील प्रकाश. वादळ येत आहे की ओसरत आहे, ह्याचा निर्णय चित्र देत नाही.

साधनांचीही येथे सरमिसळ आहे. मेणाच्या लेपावर सुईने ओढून आम्लाने खोदविलेली रेषा, तांब्यावर थेट सुईने ओढलेली, कडेला मऊ काळिमा धरणारी रेषा आणि कोरणीची काटेकोर रेषा, अशा तिन्ही एकाच पत्र्यावर आहेत. दोनच वर्षांनंतरच्या ‘सिक्सचा पूल’ ह्या चित्रात हा पसारा नाही. तेथे थोड्या मोकळ्या रेषांवर सारे भागले आहे. रेषेची शुद्धता हाच निकष असेल, तर मान त्या लहान चित्राचा.

पण ‘तीन वृक्षां’ची श्रीमंती सावकाश उलगडते. डावीकडे पाण्याकाठी मासे धरणारा व त्याची सोबतीण लगेच दिसतात. उजव्या कोपऱ्यातील झुडपाच्या काळोखात बसलेले प्रेमी युगुल मात्र रेषांच्या दाट जाळीतून शोधावे लागते. आणि वर टेकडीच्या कडेला एक चित्रकार बसला आहे. वृक्ष, वादळ, प्रकाश हे सर्व त्याच्या पाठीशी. तो रेखाटतो आहे ते चौकटीबाहेरचे काही.