वाढीच्या आलेखातील न दिसणारी पिढी

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 5 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी 2015 साली उंची-वजनाचे नवे आलेख प्रसिद्ध केले. 14 शहरांतील 33,148 मुलांच्या मोजमापांवर ते बेतलेले आहेत. त्यापूर्वीच्या आलेखांना आधार होता तो 1989 ते 1991 या काळातील मोजमापांचा.

उंचीच्या मानाने फारच वजनदार असलेली मुले नव्या आलेखांतून आधीच वगळली आहेत. हे आम्हाला फार मोलाचे वाटते. नाहीतर दर पंचवीस वर्षांनी आलेख बदलायचा आणि वाढत्या लठ्ठपणालाच सर्वसाधारण म्हणायचे, असे झाले असते.

आमचा आक्षेप वेगळा आहे. आलेखावरची रेषा सलग असली तरी 5 व्या वर्षापासून 18 व्या वर्षापर्यंत कोणतेही एक मूल तिच्यावरून चाललेले नाही. साधारण एकाच काळात मोजलेली वेगवेगळ्या वयांची मुले तिथे जोडलेली आहेत. भोसरीचे उदाहरण घ्या. कारखान्यांत कामाला आलेल्या अनेकांचे बालपण गावाकडे, कोरडवाहू मुलखात गेले; त्यांची नातवंडे इथे जन्मली. (नात आजीपेक्षा उंच, हे लग्नाच्या फोटोतही दिसते!) अशा बदलत्या समाजात 5 आणि 18 वर्षांच्या मुलांमधले अंतर नुसते वयाचे नसते, ती वाढली त्या काळाचेही असते. मग आज मधल्या रेषेवर असलेले मूल पुढे तिच्या वर गेले, तर त्यात नवल नाही.

शिवाय मोजलेली मुले मध्यम व सुस्थितीतील घरांतली. महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना तीच पट्टी लावणे आम्हाला अन्यायाचे वाटत नाही. पुरेसे अन्न मिळाले आणि आजार टळले तर काय साधते, ते तिच्यावरून कळते. पण ते एका पिढीत साधेलच असे नाही. ठेंगण्या, कुपोषित आईचे बाळ बहुधा लहानखुरे जन्मते. वजन काही महिन्यांत भरून निघू शकते, उंची मागे राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवले, की पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते. पाठीवरची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. तेव्हा नुसता वजनाचा आकडा वर सरकला म्हणून समाधान मानता येणार नाही.

शाळेत जुनी आरोग्यपत्रके असतील तर दहा वर्षांपूर्वीची पाचवी यंदाच्या पाचवीशेजारी ठेवून पाहावी. मात्र जन्मतारीख आणि मोजणीची तारीख दोन्ही हव्यात. वय पूर्ण वर्षांत लिहून चालत नाही. या वयात सहा महिन्यांत दोन-तीन सेंटिमीटर उंची वाढते.