भूकंप नेमका कुठं झाला?

१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात वाजायला एक मिनिट कमी. कळमनुरीकडच्या आमच्या गावात चुलीवर चहाला उकळी आली होती आणि मांडणीवरची भांडी एकाएकी वाजायला लागली. आधी वाटलं, मांजर असेल. मग डोक्यावरचा पत्रा थरथरला, तेव्हा लक्षात आलं की एवढं मोठं मांजर आपल्याकडं नाही. सगळे अंगणात. शेजारचे काका बनियनवर, तोंडात ब्रश, हातात कोंबडी. कोंबडी का, हे त्यांना अजूनही सांगता येत नाही.

काही सेकंदांत सगळं थांबलं. आईनं आत जाऊन पहिलं काय केलं, तर टीव्ही लावला. धक्का केवढा होता, कुठं होता, घरात जावं की बाहेर थांबावं, हे टीव्ही सांगेल असा तिचा अजून समज आहे. पडद्यावर लाल पट्टी पळत होती: राज्यात मोठा राजकीय भूकंप होणार? दोन दिवसांनी विधान परिषदेच्या अकरा जागांची निवडणूक होती आणि कुणाची मतं फुटणार यावर सहा चौकटींत सहा जण एकदम बोलत होते. आईनं चष्मा लावून पट्टी वाचली आणि म्हणाली, "भूकंप मुंबईला होणार म्हणून सांगायलेत. मग आपली भांडी काऊन वाजली?"

टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल मी बरंच कुरकुरलोय, पण इतकं नेमकं काही मला बोलता आलेलं नाही.

आधी कलाकृती म्हणून बघू. चोवीस तासांची मराठी बातमी ही आता मालिका आहे. तिला पार्श्वसंगीत आहे, तेच, जे दार उघडून सासू आत येते तेव्हा वाजतं. तिच्यात रोजचे ठरलेले कलाकार आहेत. आणि यातला सगळ्यात कसलेला नट म्हणजे पट्टीच्या शेवटी उभं असलेलं प्रश्नचिन्ह. 'भूकंप होणार?' झाला तर आम्ही सर्वात आधी सांगितलं होतं. नाही झाला तर आम्ही फक्त विचारलं होतं. कोणत्याही प्रसंगात हात झटकून बाजूला होणारं असं पात्र जुन्या नाटकातसुद्धा सापडायचं नाही.

या मालिकेत भूकंपाचं केंद्र कायम एखाद्या बंगल्यात नाहीतर हॉटेलात असतं. आमच्या वाट्याला तो मान एकदाच आला. २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातलं सत्तानाट्य गाजत होतं, तेव्हा कळमनुरीचे आमदार विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी, ४ जुलैला, शिंदे गटात गेले. त्या आठवड्यात 'कळमनुरी' हा शब्द मी टीव्हीवर जितक्यांदा ऐकला तितका आयुष्यात ऐकला नव्हता. जमीन मात्र तेव्हा अजिबात हलली नव्हती.

राजकारण ही बातमी नाही, असं मी म्हणत नाही. सरकार बदललं तर पीकविम्याचं काय, हा आमचाच प्रश्न आहे. माझी तक्रार एका शब्दापुरती आहे. मराठवाड्यात 'भूकंप' हा शब्द असा कुठंही फेकायला मोकळा नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारी आमच्यापासून दोनशेएक किलोमीटर, तरी आमच्या खाटा हलल्या. मी पाचवीत होतो. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडामातीच्या भिंतींखाली गेली, हजारो माणसं झोपेतच गेली. आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट, कोंबडीवाल्या काकांचाच. त्या दिवसांत संध्याकाळी सातच्या मराठी बातम्यांना त्यांच्या ओसरीत पन्नासेक माणसं बसायची. अँटेना धरायला माळवदावर मी.

ज्यांनी अँटेना फिरवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जण वर, एक दारात, एक टीव्हीसमोर. वरचा ओरडतो, "आलं का?" दारातला आत विचारतो, आतला म्हणतो, "आलं, आलं, गेलं!" आणि हे उत्तर वरपर्यंत पोचेस्तोवर परत आलेलं असतं. चित्र नसलं की पडद्यावर मुंग्या. त्या मुंग्यांमधला थोडासा भाग विश्वाच्या आरंभापासून अवकाशात भटकणाऱ्या किरणांचा असतो, हे फार नंतर वाचलं. म्हणजे गुरुवारी छायागीताची वाट बघत आम्ही विश्वाची उत्पत्ती बघत बसलेलो असायचो आणि तिला शिव्या देत होतो.

किल्लारीच्या दिवसांत कुणी शिव्या दिल्या नाहीत. वर मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. प्रदीप भिडे २०२२ मध्ये गेले तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांच्या आवाजाबद्दल लिहिलं. मला त्या पिढीच्या सगळ्याच निवेदकांची एक गोष्ट आठवते: बातमी जितकी मोठी, तितका आवाज शांत. गावांची नावं एकामागून एक वाचली जात होती. मागं संगीत नव्हतं. ओसरीतल्या एका बाईचं माहेर त्या बाजूला होतं. आपल्या गावाचं नाव येतं का, हे ऐकायला ती बसली होती, आणि तिला ते नीट ऐकू येत होतं. बातमीकडून आणखी काय हवं असतं?

आता कुणी म्हणेल, आला, जुनं ते सोनं सांगायला. तर नाही. दूरदर्शन सरकारी होतं आणि सरकारीच दिसायचं. मंत्रिमहोदयांनी फीत कापली, मंत्रिमहोदयांनी रोप लावलं, मंत्रिमहोदयांनी चिंता व्यक्त केली. हिंगोली तर तेव्हा जिल्हाही नव्हती, परभणीतून वेगळी झाली १ मे १९९९ ला. शेतकरी टीव्हीवर दिसायचा तो 'आमची माती, आमची माणसं'मध्ये, तोही मान डोलावत. सरकारला अडचणीचं वाटेल ते मुळात यायचंच नाही. अशा टीव्हीकडं परत जायची मला हौस नाही.

एक पाटी मात्र मला परत हवी आहे: 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. प्रक्षेपण तुटलं की ती यायची. दूरदर्शनच्या सगळ्या कार्यक्रमांत मला तोच सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आत्ता आमच्याकडं सांगण्यासारखं काही नाही, आम्हाला माफ करा, एवढंच त्याचं म्हणणं. आजच्या वाहिनीकडं सांगण्यासारखं काही नसतं तेव्हा ती सहा चौकटी उघडते. व्यत्यय आता चोवीस तास चालतो आणि क्षमा कुणी मागत नाही.

त्या जुलैच्या सकाळी आमची बातमी शेवटी आली. ४.५ रिश्टर, हिंगोलीसह नांदेड, परभणीत धक्के. मग बातमीमागं कुठल्या तरी दुसऱ्याच देशातल्या कोसळलेल्या इमारती दाखवल्या आणि पुण्याहून मामाचा रडत फोन आला. त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. ४.५ आणि किल्लारीचा ६.२, यांच्यातल्या ऊर्जेत तीनशे पटींहून जास्त फरक असतो. एवढं एक वाक्य पट्टीवर आलं असतं तर मामा रडला नसता. पण आमच्या भूकंपाला पट्टीवर दोन फेऱ्या मिळाल्या आणि परत मुंबईतला भूकंप सुरू झाला, जो अजून व्हायचा होता. तोवर आमच्या पोरांचे स्टेटस येऊन गेले होते: 'जमीन हलली पण तिचं मन हललं नाही.' माहिती शून्य, पण निदान घटना खरी होती.

याच जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. लोक रात्री उठून बाहेर बसतात. त्या आवाजाला टीव्हीवर येण्यासाठी बहुधा पक्ष बदलावा लागेल.

आता गंमत बघा. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, 'लायगो इंडिया' उभी राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रानं सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं आदळली की जो थरथराट होतो, तो पकडायचा. प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून बारीक हालचाल टिपायची. थोडक्यात, जगातली सगळ्यात नाजूक अँटेना, आणि ती आमच्या रानात. अमेरिकेतल्या लायगोनं पहिली अशी लहर पकडली १४ सप्टेंबर २०१५ ला. सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी. एका ठिकाणी ऐकू आली म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. तीन हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या यंत्रानंही तीच ऐकली होती, तरीसुद्धा ते पडताळत बसले. जाहीर केलं ११ फेब्रुवारी २०१६ ला. जवळपास पाच महिन्यांनी, आणि प्रश्नचिन्हाशिवाय.

पाच महिने थांबा, असं मी वृत्तवाहिन्यांना सांगत नाही. पाच मिनिटं थांबा आणि एक फोन हिंगोलीला लावा, एवढंच मागतोय.

कारण त्या वर्षी खरी बातमी एकच होती आणि ती टीव्हीवर आम्हाला दिसलीच नाही. मार्चमध्येही असेच धक्के बसले होते, २१ तारखेला पहाटे, दहा मिनिटांत दोन. तेव्हा शेजारच्या नांदेडच्या प्रशासनानं आवाहन केलं होतं: पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. आमच्या भागातलं अर्धं गाव पत्र्याखाली झोपतं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्र्यावर दगड असतात. धक्क्यात तेच डोक्यात येतात. हे मला कळलं जुलैत, भाच्यानं पाठवलेल्या चार महिने जुन्या मेसेजमधून.

त्या दुपारी मी गोठ्याच्या पत्र्यावर चढलो. आई खाली उभी. दगड काढले तर वाऱ्यात पत्रा उडेल, ठेवले तर म्हशीच्या डोक्यात पडतील, यावर आमची जोरदार चर्चा झाली, दोनच चौकटींत. शेवटी कळमनुरीहून हूक आणून पत्रे आवळले आणि एकेक दगड खाली दिला. घरात टीव्ही चालूच होता. अर्ध्यातून आई आत जाऊन बघून आली.

मी वरून ओरडलो, "आलं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "आजून मुंबईचाच चालू हाय. तू दगड दे."