अघमर्षण सूक्तात पापाचे नाव नाही

संध्येत अघमर्षणाच्या वेळी तळहातावर पाणी घ्यावे, ते नाकाशी न्यावे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १९० वे सूक्त म्हणावे आणि पाणी डावीकडे टाकावे, असा प्रघात आहे. अघमर्षण म्हणजे पाप पुसून टाकणे. परंतु या तीन ऋचांत पापाचा उच्चार नाही, क्षमेची याचना नाही, म्हणणाऱ्याचा 'मी'देखील नाही. तपातून ऋत व सत्य झाले, मग रात्र, समुद्र, संवत्सर. धात्याने सूर्यचंद्र पूर्वीप्रमाणे रचिले, एवढेच तेथे आहे. पापक्षालनासाठी सृष्टिक्रम का म्हणावा?

ऋत म्हणजे 'विश्वाचा कायदा' असे सांगणाऱ्या प्रचलित विवेचनांपाशी याचे उत्तर नाही. कायद्याला कर्ता लागतो आणि कर्त्याला तो फिरवताही येतो. येथे ऋत आधी, धाता मागाहून. आणि तोही पूर्वीप्रमाणेच रचना करतो. (आम्हा वकिलांना पूर्वनिर्णयाचे बंधन ओळखीचे, पण आमच्याकडे मोठे पीठ तो निर्णय मोडू शकते.) वरुणदेखील ऋताचा रक्षक आहे, जनक नव्हे. सातव्या मंडलातील ८६ व्या सूक्तात वसिष्ठ त्यालाच आपला अपराध विचारतो. आरोपपत्र नसताना आरोपी स्वतः हजर! मद्य, क्रोध, द्यूत, अविचार ही कारणे तो पुढे करतो खरी. तथापि वरुणाच्या अंतरंगात आपणास स्थान केव्हा मिळेल, ही त्याची खरी तळमळ आहे.

पाप म्हणजे या रचनेतून आपण बाहेर पडणे, असे मानले तरच रात्र, समुद्र आणि संवत्सर यांचे स्मरण सार्थ होते. त्यांच्या पंक्तीत आपली जागा पुन्हा शोधावयाची असते. कायदा मानला की टाकलेले पाणी हा नुसता दंड ठरतो. देवस्थानच्या जमाखर्चात खोटी नोंद करणाराही तो रोज सकाळी भरू शकेल.

जर्मन पंडित हाइनरिख ल्यूडर्स यांच्या 'वरुण' या मरणोत्तर ग्रंथात (१९५१ व १९५९) ऋत म्हणजे सत्यच, विश्वव्यवस्था नव्हे, असा पक्ष मांडला आहे. तो मला पुरता पटत नाही. उषा ऋताच्या मार्गाने जाते, तेथे हा अर्थ ओढूनताणून लावावा लागतो. मात्र आपल्या भाषेत 'अनृत' हा शब्द असत्यासाठीच उरला, हे त्या पक्षाचे बळ आहे. चौदाव्या शतकातील सायणाचार्य या सूक्तापुरते ऋत म्हणजे मनातील यथार्थ संकल्प व सत्य म्हणजे यथार्थ भाषण, असा भेद करतात. संध्येच्या सार्थ पुस्तिकांत निदान तेवढे तरी छापावे.