‘नैसर्गिक’ डिंक : एका विशेषणाची चिकित्सा

औषधी गोळ्यांत वापरावयाच्या वनस्पतिज डिंकांवर रासायनिक प्रक्रिया करून त्यांचे गुणधर्म बदलण्याविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यातील ‘रूपांतरित नैसर्गिक डिंक’ हा इंग्रजी वळणाचा शब्दप्रयोग मराठीत जसाच्या तसा उतरतो. प्रस्तुत लेखकाचा विषय रसायन नसून भाषा आहे. तथापि या शब्दप्रयोगातील दोष मुळात भाषेचाच आहे.

प्रथम ‘डिंक’ हा शब्द पाहू. घरगुती व्यवहारात डिंक म्हणजे बाभळीच्या वा धावड्याच्या खोडातून पाझरणारा, लाडवांत घालावयाचा पदार्थ. शास्त्रीय लेखनात मात्र गवारीच्या बियांतील अन्नसाठ्यापासून काढलेली पूडही डिंकच ठरते. एक निर्यास, दुसरा बीजांश. एकाच शब्दामुळे हा भेद झाकला जातो.

अधिक गंभीर प्रश्न विशेषणाचा आहे. अल्कलीच्या सान्निध्यात गवारीच्या डिंकाची मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाशी विक्रिया घडविली असता काही हायड्रॉक्सिल गटांतील हायड्रोजनाची जागा कार्बॉक्सिमिथिल गट घेतात व पदार्थ थंड पाण्यात अधिक सहज विरघळतो. कांडोळाच्या डिंकातील ॲसिटिल गट अल्कलीने काढून टाकले, म्हणजे एरवी पाण्यात मुख्यतः फुगणारा तो डिंक विरघळू लागतो. हे बदल निरर्थक नव्हेत. झाडागणिक व हंगामागणिक बदलणारा, जंतूंस सहज बळी पडणारा मूळ डिंक गोळीसारख्या काटेकोर वस्तूत जसाच्या तसा भरवशाचा ठरत नाही. परंतु विक्रियेनंतर जे उरते त्यास ‘नैसर्गिक’ म्हणावे काय? उसापासून मद्य होते, म्हणून मद्यास कोणी नैसर्गिक रस म्हणत नाही. येथे विशेषण उगमाचे आहे. वाचक मात्र ते अवस्थेचे समजतो आणि त्यातून निर्धोकपणाचे आश्वासन घेतो.

हे आश्वासन मूळ डिंकही देऊ शकत नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत गवार-डिंकाच्या वजन घटविणाऱ्या गोळ्या अन्ननलिकेतच फुगून अडकल्याच्या घटना घडल्या. त्या डिंकात कृत्रिम काही नव्हते. पाण्यात फुगण्याचा त्याचा स्वभावच अपायकारक ठरला. उलट, डिंकाच्या शृंखलेवर ॲक्रिलअमाइडाचे कलम केले, तर विक्रियेत न गुंतलेला ॲक्रिलअमाइड किती उरला हे तपासणे अपरिहार्य होते. कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याची गणना मानवास संभाव्य कर्ककारक द्रव्यांत केली. ‘नैसर्गिक’ हा शब्द या दोन्ही प्रकारच्या चौकशीची गरज वाचकाच्या मनातून पुसून टाकतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. झाडाच्या पाझरास ‘निर्यास’ व बियांपासून काढलेल्या पदार्थास ‘बीजडिंक’ म्हणावे. प्रक्रिया झालेल्या पदार्थाच्या नावात वनस्पती आणि विक्रिया या दोहोंचा उल्लेख असावा. उदाहरणार्थ, ‘कार्बॉक्सिमिथिलित गवार-बीजडिंक’. हे नाव जिभेस जड वाटेल. परंतु ते कोणतेही आश्वासन देत नाही, केवळ माहिती देते. आणि परिभाषेकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही.