‘निर्मनुष्य’ प्रदेशाचे निवेदन

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातून एकट्याने केलेल्या प्रवासाच्या वर्णनांत ‘निर्मनुष्य’ हे विशेषण वारंवार येते. ते भूगोलापेक्षा निवेदनाच्या संकेताविषयी अधिक सांगते. पाणी, शिधा आणि अंथरूण कॅम्परमध्ये घेऊन स्टुअर्ट महामार्गाने निघालेल्या निवेदकाला रोडहाउसवरील इंधनापलीकडे कोणाकडे काही मागावे लागत नाही; म्हणूनच त्याला तेथील माणूस सहसा दिसत नाही. एकाकीपणाची त्याची जाणीव खोटी नसते, परंतु ती वाहनाच्या स्वयंपूर्णतेतून घडलेली असते.

रॉबिन डेव्हिडसनच्या ‘ट्रॅक्स’ (१९८०) या पुस्तकाशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. १९७७ मध्ये चार उंट आणि एक कुत्री घेऊन तिने अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून हिंदी महासागरापर्यंत सुमारे २७०० किलोमीटरची वाट तुडवली. उंटांसाठी पाणी शोधणे म्हणजे भूमी जाणणाऱ्यांवर विसंबणे होय. काही टप्प्यांत एडी हा आदिवासी वृद्ध तिच्यासोबत चालतो आणि निर्जन वाटणारा प्रदेश नात्यांनी भरून जातो. तिचे ‘एकटेपण’ जगापुढे आणणारी छायाचित्रेही दुसऱ्यानेच काढलेली आहेत. ही विसंगती डेव्हिडसन लपवीत नाही, यातच तिच्या निवेदनाची प्रामाणिकता आहे.

युरोपियनांच्या आगमनापूर्वी ही भूमी कोणाचीच नव्हती, हा सिद्धान्त ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात फेटाळला. कायद्याने टाकून दिलेली ही कल्पना प्रवासवर्णनात मात्र सौंदर्यमूल्य म्हणून टिकून आहे. समीक्षेने तिची चिकित्सा तेथेच करावयास हवी.